पाणी मुरण्याची जागा

हात धुतलेस?
पुन्हा धू. मेंढरांतून आलायस,
लोकरीचा वास मला इथवर येतोय.

रागावत नाही, एर्लंड.
ऑर्कनीत जून-जुलै म्हणजे कातरणी,
बेटभर सगळ्यांचेच हात मेणचट.
पण हे स्टील तासाभरापूर्वी वाळूच्या माऱ्याखालून निघालंय,
सालपट काढल्यासारखं उघडं,
आणि उघड्याला जे पहिलं भेटतं
त्याचंच ते होऊन जातं.
हवा भेटली तर हवेचं.
तुझा अंगठा भेटला तर अंगठ्याचं.
त्याला प्रायमर भेटायला हवा. चार तासांच्या आत.
मधे कुणी नाही.

हे बघ, पाणी ओतते.
असं सलग उतरलं पाहिजे, कडेपर्यंत, न फाटता.
कोबीच्या पानावर राहतात तसे थेंब कुठे उभे राहिले
की समजायचं, तिथे तेल आहे.
रबर तिथेही बसेल,
पण पाहुण्यासारखं. टेकून.

त्या खालच्या खणात फडक्यात काहीतरी गुंडाळलंय.
काढ.
जड आहे ना? दोन बेटांच्या मधल्या प्रवाहात
अडतीस मीटर खाली होतं ते,
टर्बाइनच्या पायाशी, तीन हिवाळे.
चौथ्यात वीज गेली.
मला वाटलं होतं, गंजून आलं असेल.
रबराची कड उचलली तर खाली चकचकीत.
लाजिरवाणं चकचकीत.

स्टील गंजू नये म्हणून शेजारी जस्ताची वडी बांधतात,
ते तुला शिकवलंय त्यांनी कॉलेजात.
जस्त झिजतं, स्टील वाचतं.
हे नसेल शिकवलं, की त्या राखणीतच
स्टीलच्या अंगावर साबणासारखा क्षार सुटतो,
आणि तो कडेखाली शिरतो,
वर्षाला नखभर.
आपला जोड गंज नाही खात, एर्लंड.
गंजापासूनची राखण खाते.

म्हणून आता धातूवर आधी चिनीमातीचा पातळ थर देतो,
वीज रबराखाली पोचूच नये म्हणून.
म्हणून कड आत वळवतो, लांब ठेवतो,
नखभर नखभर चालणाऱ्याला
चालायला भरपूर वाट असू दे.

याला वाट भरपूर होती.
उजेडात धर. तिरकं.
आजूबाजूला प्रायमर अजून राखाडी, घट्ट,
पकडीने ओढूनसुद्धा रबर सुटेना तिथलं.
आणि मधे हा लंबगोल, कोरा,
कडेकडून थेट आतल्या पिनांकडे गेलेला.
पाणी जिथे मुरलं ती जागा.
माप लावू नकोस, तुझा अंगठा मोठा आहे.
माझा बसतो.

त्या पहाटे आडवं आलेलं कोकरू ओढून काढलं होतं मी.
दोन्ही जगली, आई आणि ते.
मग इथे आले, हात धुतले.
एकदा.

डिसेंबरात बदलायला गेला तो रेंडल,
दुपारी तीनलाच काळोख, प्रवाह थांबतो वीस मिनिटं,
त्याला लागली बत्तीस.
आला वर. ओठ निळे, शिव्या देत, पण आला.
धक्क्यावर त्याची बायको उभी होती,
तिने मला विचारलं, नेमकं काय बिघडलं होतं गं, थोरा?
मी म्हटलं, अजून कळलं नाही.
अहवालातही तेच आहे: कारण अनिश्चित.
खाली सही माझी.

हं. तर.
मोजे पावडर नसलेले घे, त्या निळ्या खोक्यातले.
कंप्रेसरची हवा आधी पांढऱ्या कागदावर सोडून बघ,
तिच्यातही कधी कधी तेल येतं.
आणि ते फडकं गुंडाळून पुन्हा खणात ठेव.
नाही, नको.
इथेच असू दे, खिडकीत, सगळ्यांना दिसेल असं.

दोन तास पन्नास मिनिटं उरलीत.
हात दाखव.